थकलेल्या पोटगीवर व्याज : हिशेब कसा मांडायचा

थकलेल्या पोटगीचा तक्ता करून देणाऱ्या आमच्या टेबलाशी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मुलीची पोटगी वर्षभर आली नाही, व्याज किती झालं?" आधी कोर्टाचा पोटगीचा हुकूम काढून बघा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, यात व्याजाचा दर कुठेच दिलेला नाही. कर्जाच्या हप्त्यासारखं ते आपोआप चढत नाही. कोर्टाने हुकमात लिहिलं असेल तरच आम्ही ते धरतो. नसेल तर तक्त्यातला तो रकाना कोरा राहतो, कितीही आग्रह केलात तरी. व्याजाची मागणी करायची का, हे वकिलांशी आधीच बोलून घ्या.

समजा, हुकूम दरमहा ₹८,००० चा, दर १ तारखेला देय, थकल्यास ६ टक्के सरळव्याज. जानेवारी ते डिसेंबर दमडी आली नाही. ३१ डिसेंबरला बरेच जण ₹९६,००० वर वर्षाचं व्याज लावून ₹५,७६० मांडतात. तिथेच चुकतं. जानेवारीचा हप्ता बारा महिने थकला, डिसेंबरचा एकच. एका हप्त्याचं महिन्याचं व्याज ₹४०. बारा, अकरा, दहा करत एकपर्यंत बेरीज केली की ७८ भरतात. ७८ गुणिले ४०, म्हणजे ₹३,१२०. फुगवलेला आकडा समोरच्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाही, मग खऱ्या थकबाकीवरही शंका घेतली जाते. मध्ये कधी दोन हजार मोबाईलवर आले असतील तर तेही सांगा, लपवू नका.

खरा बोजा मुद्दलाचा असतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं. हुकूम दोन वर्षांनी झाला, तर त्याच दिवशी ₹१,९२,००० येणे निघतात; मधल्या काळात अंतरिम (अंतिम हुकमाआधीची तात्पुरती) पोटगी मिळाली असेल तर ती वजा.

कलम १४४ खाली वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "दिवाळीनंतर बघू" म्हणणाऱ्यांचे जुने महिने या वाटेने एकेक करून हातचे जातात. वॉरंटनंतरही भरणा झाला नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं मात्र फिटत नाही.

येताना हुकमाची सर्टिफाइड कॉपी आणि नोंदी भरलेलं पासबुक आणा. आम्ही वकील नाही. तक्ता आम्ही करून देतो, अर्ज तुमचे वकील करतील.