स्ट्रिपवरचा एक 'एन': डिप्रेशनची गोळी आणि झोपेची गोळी

डिप्रेशनच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली की काही मेडिकलवाले चिठ्ठी उलटसुलट करून बघतात आणि 'हे नार्कोटिकमध्ये येतं, आम्ही ठेवत नाही' म्हणून मोकळे होतात. त्याच काउंटरवर एखादे काका रिकामी स्ट्रिप दाखवून झोपेच्या गोळ्या घेऊन जातात, त्यांना कुणी हटकत नाही. कायद्याने खरं तर काकांना हटकायला हवं.

घोळ होतो तो दोन्ही गोळ्या 'मेंदूच्या' म्हणून एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे. स्ट्रिप हातात घेऊन बघा. एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन या डिप्रेशनच्या गोळ्यांवर 'आरएक्स' आणि शेड्यूल एचचा इशारा छापलेला असतो. म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी हवी, बस्स. बीपीच्या कित्येक गोळ्यांनाही हाच नियम आहे. क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवर मात्र त्या जागी लाल अक्षरांत 'एनआरएक्स' असतं. हा जादाचा 'एन' सांगतो की औषध १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेतलं आहे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम यांच्यावरचा पहारा आणखी कडक. मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच१ मध्ये आहेत. इशारा लाल चौकटीत, आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. (याच एच१ मध्ये टीबीची औषधं आणि भारी अँटिबायोटिक्सही आहेत. तेव्हा एच१ दिसलं की नशाच, असंही नाही.)

हा भेद उगाच केलेला नाही. एसिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आज एक गोळी घेतली म्हणून आज कुणाला काही 'चढत' नाही. एकदम बंद केली तर गरगरतं, अंगातून झिणझिण्या जातात, म्हणून ती हळूहळू कमी करतात. पण डोस वाढवत नेण्याची हाव निर्माण होत नाही. अल्प्राझोलाम तासाभरात काम दाखवतं आणि तिथेच गोची आहे. काही आठवड्यांत शरीर सरावतं, तेवढ्याच गोळीने भागेनासं होतं, आणि बरेच महिने घेऊन अचानक सोडली तर फिट येऊ शकते. मालेगावात जी 'कुत्ता गोळी' म्हणून बदनाम झाली ती हीच अल्प्राझोलाम. सर्ट्रालीनला असं टोपणनाव पडलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता खरी गुंतागुंत. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकतात. पेशंटला वाटतं आपली डिप्रेशनची साधी गोळी चालू आहे, पण स्ट्रिपवर 'एनआरएक्स' असतं आणि तेव्हा दुकानदाराने विचारपूस केली तर ती रास्तच आहे. मला ही जोडगोळी धोरण म्हणूनही खटकते. जे औषध महिनोन्‌महिने घ्यायचं आणि जे काही आठवड्यांत थांबवायचं, ती दोन्ही एकात कोंबली की दुसरं थांबवायला पहिलंही बदलून घ्यावं लागतं, आणि ते बहुधा राहूनच जातं.

चिठ्ठीचं गणित मात्र 'आरएक्स' आणि 'एनआरएक्स' दोन्ही गोळ्यांना सारखं आहे आणि फारसं कुणाला ठाऊक नसतं. डॉक्टरने 'पुन्हा द्यावे' असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. औषध दिल्यावर दुकानदाराने तिच्यावर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची असते. फरक येतो साठ्यात. एनडीपीएसच्या नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी 'एनआरएक्स' औषधाच्या १०० मात्रांपर्यंत (म्हणजे गोळ्या) जवळ ठेवता येतात. उपचार दीर्घकाळचा असेल आणि डॉक्टरने तसं स्पष्ट लिहून दिलं असेल, तर ३०० पर्यंत. सर्ट्रालीनला ही मर्यादा नाही. म्हणून गावाहून तालुक्याला औषधाला येणाऱ्याने किंवा परगावी नोकरीला जाणाऱ्याने डॉक्टरकडून 'दीर्घकाळ' आणि गोळ्यांची संख्या हे दोन्ही लिहून घ्यावं. चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाचीच हवी, हा हट्टही बिनबुडाचा आहे. औषध विक्रीचे नियम नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी मागतात, त्याची स्पेशालिटी विचारत नाहीत.

सरकारी दवाखान्यात तर हा पंक्तिभेद असूच नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं मानसिक आजाराच्या पेशंटला मोफत आणि कायम उपलब्ध हवीत. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत एसिटालोप्राम आहे आणि क्लोनाझेपामही. फक्त हा हक्क सुरू होतो सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर कायद्याचं नाव घेऊन भांडण्यात अर्थ नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर 'स्टॉक नाही, बाहेरून घ्या' ऐकायला मिळालं, तर तेवढं वाक्य केसपेपरवर लिहून मागावं.