शैक्षणिक सचोटी आणि विद्यार्थ्यांचा सहभाग (ग्रामीण विदर्भ)

अभ्यास, परीक्षा, प्रात्यक्षिक आणि संशोधन यांत जे स्वतः केले तेवढेच स्वतःच्या नावावर मांडणे आणि दुसऱ्याचे घेतले असल्यास तसे नमूद करणे, याला शैक्षणिक सचोटी म्हणतात. ती राखण्याचे काम रूढार्थाने पर्यवेक्षक, भरारी पथक आणि परीक्षा विभाग यांचे मानले जाते. परंतु विद्यार्थ्यांनी ते आपले मानल्याची उदाहरणे जुनी आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात 1842 पासून सन्मान-संहिता (विद्यार्थ्यांनी प्रामाणिकपणे वागण्याची दिलेली हमी) असून तिच्या भंगाची प्रकरणे विद्यार्थीच हाताळतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संहिताही 1921 मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून आली.

महाराष्ट्रात विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम 1982 पासून लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्याविषयी, म्हणजे दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देण्याविषयी, विनियम केले. त्यांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते आणि 60 टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. मात्र याच विनियमांनी स्वाध्याय, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत, आणि अशी प्रकरणे तपासणाऱ्या विभागीय व संस्थात्मक सचोटी समित्यांच्या रचनेत विद्यार्थ्यांना जागा दिलेली नाही. पदवीचा विद्यार्थी रोज जे लिहितो, ते अशा रीतीने परीक्षेच्या कायद्यातही बसत नाही आणि प्रबंधाच्या नियमांतही नाही. विद्यार्थ्यांच्या मदतीची खरी गरज येथे आहे.

ग्रामीण विदर्भातील महाविद्यालये प्रामुख्याने तीन विद्यापीठांशी संलग्न आहेत : नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ (1923), संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ (1983) आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ (2011). तालुक्याच्या महाविद्यालयात येणारी मुले-मुली बहुधा आसपासच्या गावांतून एसटीने येतात, एकच गाईड अनेकांत फिरते आणि जर्नल उतरवून देणे हा मैत्रीचा भाग समजला जातो. ही देवाणघेवाण सरसकट दोषास्पद नाही. पुस्तक नसलेल्या मुलीला आपली वही देणे ही मदतच होय. तिने तीच उत्तरे जशीच्या तशी उतरवून आपल्या नावे दिली, तर मात्र फसवणूक होते. हा फरक वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने समजावला, तर तो प्राचार्यांच्या सूचनाफलकापेक्षा लवकर पटतो.

पर्यावरण विषयाचा प्रकल्प किंवा गावाचे सर्वेक्षण यांत ही मदत सर्वांत स्पष्ट दिसते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी तयार फाईल नाव बदलून दिली, की भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील गावात कपाशीवरील बोंडअळीचे निष्कर्ष निघतात. घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्यांत सगळ्या कुटुंबांचे उत्तर एकाच पेनाने, एकाच वळणाचे असते आणि भूमिहीनाच्या नावापुढेही एकरी उत्पादन लिहिलेले आढळते. दूरच्या परीक्षकाच्या नजरेतून हे सुटू शकते, त्याच गावच्या सहाध्यायाच्या नाही. म्हणून सर्वेक्षण जोडीने करणे, कच्च्या नोंदी जपून ठेवणे आणि सादर करण्यापूर्वी त्या एकमेकांना दाखवणे ही पद्धत येथे फार उपयोगी आहे, आणि तिला जादा खर्चही लागत नाही.

मराठी लेखनाच्या बाबतीत तर विद्यार्थ्यांवाचून पर्यायच कमी आहे. साम्य तपासणारी संगणक प्रणाली जे संगणकीय स्वरूपात उपलब्ध आहे त्याच्याशीच तुलना करते. जुनी मराठी पुस्तके, जिल्ह्यातील नियतकालिके आणि मागील वर्षांचे हस्तलिखित अहवाल यांतील उतारे तिला सापडत नाहीत. ग्रंथालयात बसून हे साहित्य वाचणारे विद्यार्थी ते ओळखू शकतात.

तक्रारीचा प्रश्न नाजूक आहे. 2018 च्या विनियमांनुसार वाङ्मयचौर्याची पुराव्यासह शंका असलेली शैक्षणिक समुदायातील कोणतीही व्यक्ती विभागीय समितीकडे जाऊ शकते, आणि हा अधिकार विद्यार्थ्यांनाही आहे. परंतु जिथे दोघे एका गावचे, क्वचित एका घराण्याचे असतात, तिथे नाव सांगणाऱ्याला त्याची किंमत महाविद्यालयाबाहेर मोजावी लागते. त्यामुळे सहाध्यायांवर पाळत ठेवण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवणे अन्यायाचे आहे. त्यांच्याकडून अपेक्षा धरायची ती आपले उत्तर न दाखवण्याची, सादर होण्याआधी चूक दाखवून देण्याची आणि संदर्भ कसा द्यायचा हे शिकवण्याची. गंभीर प्रकरणात तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे ही संस्थेची जबाबदारी असली पाहिजे. नियम ठरवताना वर्गप्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषद यांना बसवून घेण्यास महाविद्यालयांना आजही कोणती आडकाठी नाही.