उरलेल्या लाकडातून सणाची सजावट

सुतारकाम, फर्निचर किंवा घरदुरुस्ती आटोपल्यावर मागे राहिलेल्या लाकडापासून सणासुदीला मांडायच्या, टांगायच्या किंवा भेट द्यायच्या वस्तू करण्याची हस्तकला. फळ्यांची टोके, रिपा, प्लायवुडचे कोपरे, माल पाठवायची पॅलेट, छाटलेल्या फांद्या असा कसलाही माल यात चालतो. एरवी सुतारकामात आराखडा आधी ठरतो आणि मग लाकूड येते, इथे उलट. हाती आलेला तुकडा किती लांब, किती जाड, त्यात गाठ कुठे, यावर वस्तू ठरते. नमुना आवडला म्हणून त्याच्या मापाचे लाकूड विकत आणले, की काम स्वस्त राहत नाही.

लाकूड मुबलक आणि हिवाळ्याच्या रात्री लांब, अशा प्रदेशांत ही कला विशेष रुजली. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातला कोरीव, रंगीत घोडा मुळात मुलांचे खेळणे. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्याचीच भलीमोठी प्रतिकृती स्वीडनने उभारली. जर्मनीच्या एर्त्सगेबिर्गे डोंगररांगेत खाणी ओसरल्यावर खाणकामगारांची कुटुंबे लाकूडकामाकडे वळली. तिथल्या सायफेन गावचे कारागीर लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, लाकडाचे कडे असे कातत, की त्याचे उभे काप काढल्यावर प्रत्येक कापात एकेक प्राणी निघे.

फुकट मिळालेले प्रत्येक लाकूड घरात आणण्याजोगे नसते. पॅलेटवरचा शिक्का आधी वाचावा. २००२ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार परदेशी जाणाऱ्या लाकडी बांधणीवर कीडनाशाची पद्धत नोंदवलेली असते. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले, ते चालते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते सोडून द्यावे. कुंपणाचे जुने हिरवट खांब तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेले असू शकतात. ते कापूही नयेत, जाळूही नयेत. जुना रंग असलेल्या फळीवर शिशाची शंका घ्यावी आणि तो कोरडा घासू नये. साध्या भुशालाही कमी लेखू नये: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची, धूळ फार बारीक असते. ते कापताना मास्क लावावा आणि शक्यतो उघड्यावर बसावे.

या कामाचा हिशेब कळायला रिपांचे झाड हा सर्वांत चांगला धडा आहे. मागे ५० सेंमीची एक उभी पट्टी आणि तिच्यावर खालून वर आखूड होत जाणाऱ्या नऊ आडव्या रिपा, एवढीच त्याची रचना. खालची रीप ३० सेंमी, पुढची प्रत्येक ३ सेंमीने कमी, सर्वांत वरची ६. रुंदी ३ सेंमी आणि मधली फट दीड सेंमी धरली, तर झाड ३९ सेंमी उंच होते आणि खोडासाठी ११ सेंमी उरतात. मापांच्या जोड्या लावल्या की गंमत दिसते: ३० आणि ६, २७ आणि ९, २४ आणि १२, २१ आणि १५, प्रत्येक जोडीची बेरीज ३६. म्हणजे ३७ सेंमीचे चार तुकडे आणि १८ सेंमीचा एक, एवढ्यात झाड होते. वरचा एक सेंमी करवतीने खाल्लेल्या लाकडासाठी. लांब रीप शोधत बसायची गरजच नाही. नवशिके बहुधा एका लांब पट्टीतून ओळीने माप कापत जातात आणि शेवटी दोन आखूड तुकडे हातात धरून बसतात.

चांदणीला सारख्या लांबीच्या पाच पट्ट्या लागतात. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश येतो. पट्ट्या एकमेकींच्या वर-खाली विणल्या, की चांदणी घट्ट बसते. पण त्यासाठी पट्टी पातळ हवी, जाड रीप वाकत नाही. ठोकळ्याच्या एका टोकाला ४५ अंशांचे दोन काप दिले की उतरत्या छपराचे घर तयार होते. कापून पडलेले दोन त्रिकोण फेकू नयेत, हिरवे रंगवून घराशेजारी झाडे म्हणून उभे करावेत.

फांदीच्या चकत्या सर्वांना आवडतात आणि सर्वांत जास्त फसवतात. वाळताना लाकूड घेराच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडे आकसते. हा ताण सुटायला जागा नसते, म्हणून ओल्या चकतीला परिघापासून मधापर्यंत चीर पडते. फांदी सावलीत सावकाश वाळवून मग चकत्या कापल्या तर हे बरेच टळते. तरी एखादी तडकलीच, तर त्याच चिरेतून दोरी ओवून टांगावी.

सरस लावताना लाकडाच्या कापलेल्या टोकावर भरवसा ठेवू नये. तिथल्या नळ्या सरस शोषून घेतात आणि जोड कोरडा राहतो. आधी पातळ हात देऊन तो मुरू द्यावा, मग दुसरा. पांढरा सरस अर्ध्या तासात धरतो, पूर्ण ताकद यायला सुमारे २४ तास लागतात. कडेजवळ चुका मारायच्या तर आधी बारीक भोक पाडावे. तेवढी सवड नसेल, तर चुकेचे टोक हातोडीने बोथट करावे. अणकुचीदार टोक तंतू फाकवते आणि रीप फुटते.

खर्च वाढतो तो लाकडावर नव्हे, तर रंग, चकाकी आणि शोभेच्या तयार वस्तूंवर. भिंतीचा उरलेला रंग इथे उत्तम चालतो. जुनाट करडी छटा हवी असेल, तर लोखंडी काथ्याचा (स्टील वूलचा) तुकडा व्हिनेगरमध्ये दोनेक दिवस बुडवून ठेवावा. बाटलीचे झाकण सैल ठेवावे, कारण आत हायड्रोजन तयार होतो. लाकडावर आधी कडक कोऱ्या चहाचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर हे पाणी लावावे. चहातले टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह यांची अभिक्रिया होऊन बघता बघता लाकूड काळवंडते. सागवान किंवा ओकमध्ये टॅनिन मुळातच असते, पाइनमध्ये कमी. चहाची खरी गरज पाइनलाच. रंगाआधी ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर याच क्रमाने, तंतूंच्या दिशेने फिरवावा. मधली पायरी गाळली तर ओरखडे रंगाखालून डोकावतात.

मेणदिव्यासाठी ठोकळ्यात खळगा पाडायचा तर लहान मेणदिव्याचा व्यास सुमारे ३८ मिमी असतो, म्हणून ड्रिलचे ४० मिमीचे पाते पुरते. वात मात्र लाकडाला टेकेल इतकी कधीच जवळ नसावी: खळग्यात काच किंवा धातूची वाटी बसवावी, नाहीतर बॅटरीचा दिवा ठेवावा. सण झाल्यावर वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या तर ओल आत अडकून बुरशी धरते. कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवलेल्या चांगल्या टिकतात.