फ्री लेफ्ट म्हणजे 'राइट ऑन रेड' नव्हे हो काका

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले आपले इंदूरचे काका लोक हमखास सांगतात, "अरे तिकडे आपल्यासारखंच, फक्त उलटं, फ्री राइट!" आणि पुढच्या महिन्यात जाणारा बिचारा तेच डोक्यात घेऊन जातो. ऐकून ऐकून कंटाळलो.

फ्री लेफ्ट काय, आपल्याला पाठच आहे. पलासिया चौराहा, समोर लाल, डावीकडून निघायचं, मध्ये कोणी थांबला की मागून हॉर्न आणि "ओ भिया, साइड दो". (इथेही बोर्ड किंवा बाण असेल तरच चालतं, पण ते जाऊ द्या.)

अमेरिकेत लाल सिग्नल असतानाही उजवीकडे वळता येतं, हेच ते 'राइट ऑन रेड', पण आधी गाडी पूर्ण थांबवायची. पूर्ण म्हणजे चाकं थांबली पाहिजेत, तेही जाड पांढऱ्या रेघेच्या अलीकडे. हळू करून सरकत वळलात तर तो सिग्नल तोडणंच झालं, कॅमेरा असेल तर फोटो निघतो आणि गाडी भाड्याची असली तरी दंड फिरून तुमच्याकडेच येतो. थांबल्यावरचा भाग जास्त धोक्याचा. तिकडे गाड्या डावीकडून येतात म्हणून मान डावीकडेच अडकते, जरा गॅप दिसली की पाय ॲक्सिलरेटरवर, आणि नेमकं तेव्हाच उजवीकडून कोणीतरी बाबागाडी ढकलत झेब्रा क्रॉसिंगवर उतरलेलं असतं, त्यांना चालायचा सिग्नल मिळालेला असतो, आधी जायचा हक्क त्यांचाच. म्हणून निघायच्या आधी परत एकदा उजवीकडे बघा, सवय नसते म्हणून सांगतोय.

मागचा हॉर्न मारतोय म्हणून वळायची काही गरज नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल वाचावं म्हणून ही सवलत देशभर पसरली, घ्यायची नसेल तर खुशाल हिरव्याची वाट बघा. मी तर नवख्याला पहिले काही दिवस तेच करायला सांगतो.

'नो टर्न ऑन रेड' पाटी असेल तर प्रश्नच मिटला. कॅलिफोर्नियात उजवीकडचा लाल बाण असेल तरी वळायचं नाही. न्यूयॉर्क शहरात तर हिशोबच उलटा, परवानगीची पाटी असेल तरच वळायचं, नाहीतर बंद. न्यू जर्सीत मुलाकडे राहून बोगद्यातून मॅनहॅटनला गाडी घेऊन जाणारे इथेच फसतात.

आणि लंडनवाल्यांनो, तिकडे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात म्हणून फ्री लेफ्ट गृहीत धरू नका. हिरवा बाण लागल्याशिवाय लाल सिग्नलला डावीकडेही वळता येत नाही.