‘आम्ही’ आणि ‘आपण’ : पामुक यांच्या ‘कार’मधील एका सर्वनामाचा प्रश्न

तुर्की भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी ‘बिझ’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत त्याच्या जागी दोन शब्द येतात आणि बोलण्याच्या ओघात ते एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांचा अर्थ एक नाही : ‘आम्ही’ म्हटल्यावर ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटल्यावर तो आत येतो. तुर्की कादंबरीकार ओर्हान पामुक यांची ‘कार’, म्हणजे बर्फ, ही २००२ सालची कादंबरी वाचताना पात्रांच्या तोंडचा ‘बिझ’ यांपैकी कोणता, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते, आणि मला तिचे राजकारण तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते.

बर्फाने रस्ते बंद झालेल्या कार्स या तुर्कस्तानच्या सीमेवरील गरीब शहरात फ्रँकफुर्टहून आलेला का नावाचा कवी अडकतो. तिथल्या नाट्यगृहात सुनाय झाइम हा नट जुने प्रजासत्ताकवादी नाटक सादर करतो, त्यात स्त्री आपला बुरखा काढून जाळते, आणि मग रंगमंचावरून सैनिक प्रेक्षकांवर खऱ्या गोळ्या झाडू लागतात, तरी बराच वेळ अनेकांना तो नाटकाचाच भाग वाटतो. सुनायचा ‘बिझ’ म्हणजे ‘आपण’. त्यात सगळे नागरिक येतात, पण ज्या मुलीला डोक्यावरचा रुमाल काढायचा नाही, तिला दाराबाहेरच थांबावे लागते.

एशिया हॉटेलातील गुप्त बैठकीत याच्या उलट घडते, आणि मला ते अधिक विलक्षण वाटते. इस्लामवादी, कुर्द आणि डावे असे एकमेकांवर विश्वास नसलेले लोक एका जर्मन वृत्तपत्रासाठी संयुक्त निवेदन लिहायला जमतात. एक कुर्द तरुण तळमळून सांगतो की आम्ही मूर्ख नाही, फक्त गरीब आहोत. इथे ‘आपण’ हा शब्द बसूच शकत नाही, कारण ऐकणारा दूर युरोपात आहे. एरवी ‘आम्ही’ म्हणण्याआधी बोलणाऱ्यांमध्ये निदान थोडेसे ‘आपण’ असावे लागते. या खोलीत तेही नाही. परक्या वाचकाने आपल्याला तुच्छ लेखू नये एवढ्या एका इच्छेवर त्यांचे ‘आम्ही’ उभे आहे, आणि मजकुराच्या प्रत्येक ओळीवर ते मोडू लागते.

रुमाल काढायला नकार देणाऱ्या आणि पुढे आत्महत्या केलेल्या तेस्लिमे या मुलीवर प्रजासत्ताकवादी आणि इस्लामवादी अशा दोन्ही बाजू हक्क सांगतात. तिचे स्वतःचे ‘मी’ मात्र कोणाच्याच हाती लागत नाही.

कादंबरीच्या शेवटी फाझिल हा तरुण ओर्हान नावाच्या निवेदकाला म्हणतो की माझ्याबद्दल, आमच्याबद्दल तुम्ही जे लिहाल त्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये; इतक्या दुरून आम्हाला कोणीही समजून घेऊ शकत नाही. निवेदक त्याचाच देशबांधव आहे, इस्तंबूलचा, त्याचीच भाषा बोलणारा. तरीही फाझिलच्या त्या ‘बिझ’चे मराठी ‘आम्ही’ असेच करावे लागते.