‘फीट’ असताना ‘टेन-फूट’ का?

खानदेशात विहीर ‘दहा परस’ असते (परस हे खोलीचं माप), परसाचं अनेकवचन कुणी शोधत बसत नाही. फुटांवर आलो तरी ‘साठ फुटी’च. म्हणजे ‘सिक्स्टी-फूट वेल’ आपल्या पोरांना सोपी जायला हवी. पण शिकवणीत ‘फीट’ आणि ‘इयर्स’ इतके घोटलेले असतात की ‘फाइव्ह-इयर-ओल्ड’मध्येही ती ‘एस’ चिकटवतात. मग ‘हा अपवाद आहे, पाठ करा’ असं सांगितलं जातं. खरं तर तो अपवाद नाही, जुन्या विभक्तीचा अवशेष आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला विभक्त्या होत्या. ‘फोत’ म्हणजे फूट, ‘फेत’ त्याचं अनेकवचन आणि ‘दहा फुटांचा’मधल्या ‘फुटां’साठी षष्ठीचं रूप ‘फोता’. इंग्रजी ज्यांत मोडते त्या जर्मानिक भाषांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुधा शब्दाच्या पहिल्या सिलॅबलवर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) पडतो, त्यामुळे शेवटचं सिलॅबल पुसट होत होत गळून गेलं. ‘फेत’चं फीट झालं, ‘फोता’चं मात्र फूटच उरलं. आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतो, तसलाच प्रकार.

विशेषणं घडवणाऱ्या ‘एड’ या प्रत्ययाची गतही अशीच. पूर्वी तो स्वतंत्र सिलॅबल होता. आता बहुतेक ‘ट’ किंवा ‘ड’नंतरच टिकलाय, म्हणून ‘लेफ्ट-हँडेड’मध्ये ऐकू येतो, ‘ब्लू-आइड’मध्ये नाही. नामाला हा ‘एड’ लावण्याची टूम अलीकडची, अशी तक्रार अठराव्या शतकात कोशकार जॉन्सनने केली होती. प्रत्यय मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी जुना!

अशा विशेषणांत मुख्य आघात बहुधा दुसऱ्या पदावर असतो: ‘ही इज लेफ्ट-हँडेड’मध्ये ‘हँ’वर. पुढे नाम आलं की इंग्रजीला दोन जोरकस ठोके जवळजवळ खपत नाहीत. मग ‘लेफ्ट-हँडेड बॅटर’मध्ये जोर ‘लेफ्ट’कडे सरकतो. कॉमेंट्री ऐकताना लक्ष द्या.

‘ब्लू-आइड’सारख्या शब्दांना भाषाशास्त्रज्ञ बहुव्रीहीच म्हणतात, संस्कृतातलंच नाव. समासाचा अर्थ स्वरावर, म्हणजे उच्चारातल्या चढउतारावर ठरतो, हेही आपल्याकडे जुनंच. यज्ञातल्या मंत्रात ‘इंद्रशत्रु’चा स्वर चुकला, ‘इंद्राला मारणारा’चं ‘इंद्र ज्याला मारील तो’ झालं आणि इंद्राला मारायला निर्माण केलेला वृत्र हा असुरच मेला, ही कथा व्याकरण शिकणाऱ्यांना सांगतातच. मराठीत मात्र तो स्वर उरला नाही. म्हणून आमच्याकडे ‘लेफ्ट’ आणि ‘हँडेड’ दोन्ही सारख्याच वजनाने, तागडीत तोलल्यासारखे उच्चारले जातात.