प्रायमर पांढरा का पडतो?

ग्वाल्हेरात प्लॅस्टिकची विमानं जोडणाऱ्या पोरांना मिराज २००० या लढाऊ विमानाचं वेड असायचंच. खरी मिराज महाराजपूरच्या हवाई तळावर आहेत. पण पावसाळा लागला की त्यांच्यातला कुणीतरी हिरमुसून सांगतो, करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मारला आणि बघता बघता पंखावर पांढुरकी झाक आली. मग ‘डबा नकली निघाला’ असं ठरतं आणि मॉडेल माळ्यावर जातं. बहुतेक वेळा डब्यात काही खोट नसते. कारण हवेत असतं, आणि मॉडेल वाचवता येतं.

लॅकर प्रायमरमध्ये रेझिनच्या, म्हणजे थर धरणाऱ्या पदार्थाच्या, रेणूंच्या लांब साखळ्या द्रावकात विरघळलेल्या असतात. द्रावक उडून जातो, रेझिन मागे राहतं. उडायला लागणारी उष्णता द्रावक पृष्ठभागाकडूनच घेतो. माठ ज्या कारणानं गार होतो, त्याच कारणानं पंखही गार पडतो. स्प्रे कॅनमधला दाबाखाली द्रवरूप असलेला वायू बाहेर पडताच उकळतो, त्यामुळे तिथे गारवा आणखी वाढतो. आता दवबिंदू पाहा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पंख जेमतेम चार अंशांनी गार झाला तरी त्यावर पाणी धरतं. मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला हाच आकडा १३च्या जवळ असतो. इतका गार पंख होत नाही, म्हणून हे दुखणं पावसाळ्यातलं.

ओल्या थरात पाणी शिरलं की त्यात न विरघळणारं रेझिन जागच्या जागी साकळतं. नंतर पाणीही उडून जातं आणि सूक्ष्म पोकळ्या उरतात. प्रकाश किती वळतो ते सांगणारा अपवर्तनांक रेझिनचा सुमारे १.५, हवेचा १. प्रत्येक पोकळीच्या कडेला प्रकाश वळतो, विखुरतो, आणि सगळे रंग मिळून विखुरले की आपल्याला पांढरं दिसतं. ही झाक फडक्यानं पुसली जात नाही ती यामुळेच. पुसायला तिथे पदार्थच नसतो! मला यातलं हे प्रकाशशास्त्र फार आवडतं.

उपायही यातूनच सुचतो. उघडीप मिळालेल्या दुपारी, सावकाश उडणारं रिटार्डर थिनर अगदी हलकं फवारायचं, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब. लॅकरच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्या नसतात. थर पुन्हा सैल होतो, पोकळ्या बुजतात, करडा रंग डोळ्यांदेखत परत येतो. मात्र थर गच्च भिजवला तर थिनर खालच्या प्लॅस्टिकलाही खातं. इनॅमल या दुसऱ्या प्रकारच्या रंगावर ही युक्ती चालत नाही. ते ऑक्सिजनशी संयोग पावून साखळ्यांमध्ये पक्के पूल बांधतं. ते वॉटर पेपरनं घासावं.

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग बिघडला, तर तो बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं. असं का? रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डब्रँड यांच्या नावानं ओळखला जाणारा विद्राव्यता अंक इथे कामी येतो. रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात, त्या ऊर्जेच्या घनतेचं हे वर्गमूळ. मॉडेलचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याचा अंक सुमारे १८.५, टोल्यूइनचा १८.२, ॲसिटोनचा २०, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा २३.५. अंक जवळजवळ आले की मिसळण्यासाठी मोजावी लागणारी ऊर्जा घटते आणि साखळ्यांमध्ये द्रावक शिरतो. अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधांनी आपसातच गुंतलेले असतात, म्हणून ते प्लॅस्टिकमध्ये शिरत नाहीत.

म्हणूनच ‘नेलपॉलिश रिमूव्हरनं रंग चुटकीसरशी काढा’ म्हणणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. अनेक रिमूव्हरांमध्ये ॲसिटोन असतं. रंगाबरोबर प्लॅस्टिकही मऊ पडतं, आणि पंखावरच्या बारीक पॅनेल रेषा कायमच्या पुसल्या जातात.

उन्हाळ्यातली तक्रार नेमकी उलटी. थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि पंख खरखरीत होतो. स्प्रे थोडा जवळून मारावा. खरखर राहिलीच तर २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हातानं फिरवावा.